जुन्या मिलिटरी गाडीच्या ब्रेकमधला एअर काढताना

बेळगावकडच्या खानापूर तालुक्यात किंवा निपाणी-चिकोडीकडं फिरताना एखाद्या वीटभट्टीवर, लाकडाच्या वखारीत, नाहीतर गॅरेजच्या मागच्या अंगणात अजून एखादी मिलिटरी गाडी उभी दिसते. लिलावातून आलेली निसान वन टन, जोंगा, क्वचित शक्तिमान. कुणी तिच्यावर क्रेन बसवून ब्रेकडाऊनला वापरतो, कुणी लाकूड ओढतो. गेल्या काही वर्षांत तरुण पोरं हौसेनं ह्या गाड्या घेऊन पुन्हा रस्त्यावर आणायला लागली आहेत, ह्याचा मला मनापासून आनंद आहे. त्यांच्यातल्या बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पेडल खाली जातंय, एअर कसा काढायचा?"

कसा काढायचा ते सगळं पुढं सांगतो. पण त्याआधी एक गोष्ट पक्की करून घ्या. एअर काढणं हे ह्या कामातलं शेवटचं काम आहे. ब्रेकच्या बंद पाइपात हवा आपोआप तयार होत नाही, ती कुठून तरी आत येते. ती वाट न शोधता नुसती हवा काढली तर पेडल आठ दिवस कडक राहतं आणि नवव्या दिवशी चोर्ला घाटाच्या उतारावर दगा देतं. ह्या जुन्या गाड्यांत बहुधा एकच सर्किट असतं. म्हणजे पेडलनं तेल ढकलणाऱ्या एका मास्टर सिलिंडरमधून निघालेलं तेल चारही चाकांना जातं. आजच्या गाडीत एक सर्किट फुटलं तरी दुसरं निम्मा ब्रेक देतं. इथं एका चाकाच्या सिलिंडरमधला कप, म्हणजे तेल अडवणारा रबर, फाटला की चारही चाकांचा ब्रेक गेला.

लेखात जे आहे ते तेलावर चालणाऱ्या, ड्रम ब्रेकच्या गाडीसाठी आहे. तुमच्या ट्रकला हवेच्या टाक्या असतील आणि ब्रेक तेलाचं भांडंच नसेल, तर ते काम वेगळं आणि ते त्यातल्या जाणकार मिस्त्रीकडूनच करून घ्या.

आधी पेडल काय सांगतंय ते बघा

इंजिन बंद ठेवून सीटवर बसा. बूट काढून बसलात तर आणखी चांगलं, तळव्याला जास्त कळतं. पेडल सावकाश दाबा.

पहिल्या दाबाला पेडल खूप खाली गेलं, पण लगेच दोन-तीनदा मारल्यावर वर येऊन दगडासारखं कडक झालं, तर तो बहुतेक एअर नाही. ब्रेक शू आणि ड्रम ह्यांच्यात अंतर जास्त पडलंय. लायनर झिजलेत किंवा अ‍ॅडजस्टमेंट सैल आहे. अशा गाडीचा एअर दिवसभर काढत बसलात तरी पेडल तेवढंच खाली जाणार. कितीतरी लोकांचं तेल आणि रविवार असा वाया गेलेला मी पाहिलाय.

पेडल दाबल्यावर पायाखाली हवा भरलेली ट्यूब असल्यासारखं दबतंय आणि उसळतंय, मारत राहिलं की थोडं वर येतंय पण शेवटपर्यंत लवचीक राहतंय, तर तो एअर. तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. तुमच्या पायाची ताकद चाकापर्यंत न पोचता त्या बुडबुड्याला चेपण्यात खर्च होते.

आणि पेडल कडक लागतंय, पण पाय धरून ठेवला की हळूहळू खाली सरकत जातंय, तर तेल कुठून तरी निसटतंय. बाहेर कुठं ओल दिसली नाही तर मास्टरच्या आतला कप दाब सोडतोय, असं समजा.

चौथी शक्यता लोकांच्या लक्षात येत नाही. पेडल मऊ आहे, पण सिस्टिममध्ये थेंबभरही हवा नाही. जुना रबरी होज दाबाखाली फुगतो तेव्हा असं होतं. एकाला पेडल जोरात दाबायला सांगा आणि तुम्ही होज मुठीत धरा. मुठीत तो फुगलेला जाणवला तर बदला. उलट प्रकारही होतो. होज आतून सुजून बंद होतो, दाबलेलं तेल पुढं जातं पण परत येत नाही, आणि ते चाक धरून राहतं.

तेल

डब्यावर डॉट ३ किंवा डॉट ४ असं लिहिलेलं असेल ते ब्रेक ऑइल घ्या. दोन्ही ग्लायकॉलची, एकमेकांत मिसळली तरी चालतात. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं, जांभळट रंगाचं असतं. ते ह्या तेलात मिसळायचं नाही. डॉट ५.१ असंही एक मिळतं, ते पुन्हा ग्लायकॉलचंच. आकडा जवळचा असल्यानं दुकानात घोटाळा होतो, म्हणून डबा हातात घेऊन वाचा. एका गाडीला दीड लिटर आणून ठेवा, मध्येच संपलं की सगळं पहिल्यापासून करावं लागतं.

ग्लायकॉलचं तेल हवेतला ओलावा ओढून घेतं. नवं कोरडं डॉट ३ किमान २०५ अंश सेल्सिअसला उकळतं. त्यात ३.७ टक्के पाणी गेलं की हाच आकडा १४० वर येतो. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. कणकुंबीसारख्या ठिकाणी, जिथं मलप्रभा उगम पावते आणि पावसाळ्यात चार-चार दिवस भिंती वाळत नाहीत, तिथं झाकण उघडलेला डबा फळीवर ठेवून दिला तर दिवाळीपर्यंत ते तेल कामाचं राहत नाही. घाट उतरताना ड्रम तापतो, तापलेल्या ड्रमजवळच्या व्हील सिलिंडरमध्ये असलं ओलं तेल उकळतं, त्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच दबते. खाली उतरून गाडी थंड झाली की ब्रेक परत येतो. त्यामुळं कुणाला कारण सापडत नाही, आणि पुढच्या फेरीला तेच होतं. फोडलेला डबा पुढच्या वर्षासाठी ठेवू नका. छोटे डबे घ्या.

उसाच्या हंगामात आमच्या भागात आणखी एक चूक होते. गोठ्याच्या फळीवर ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकचं तेल असतं, ब्रेकही हायड्रॉलिकच, म्हणून कुणीतरी तेच मास्टरमध्ये ओततं. दोन तेलांची जात वेगळी आहे. ब्रेकचे रबर कप खनिज तेलात फुगतात. अशी एक निसान आमच्याकडं आली होती. मास्टरचा कप बाहेर काढला तर तो पिकलेल्या जांभळासारखा टरटरून आला होता, बोटानं दाबला की काळा रंग सुटत होता. पिस्टन मागं यायला जागाच नव्हती, चारही चाकं धरलेली. तिथं नुसतं तेल बदलून भागत नाही. सगळे पाइप स्पिरिटनं धुवायचे, आणि होजसकट सगळे रबर नवे टाकायचे.

लिलावातली गाडी घेतलीत तर ही परीक्षा पहिल्याच दिवशी करा. मास्टरमधलं थोडं तेल सिरिंजनं काढून काचेच्या ग्लासात पाण्यावर सोडा. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळून जातं. वर तवंग तरंगला तर आत खनिज तेल गेलेलं आहे.

ब्रेक ऑइल रंग खातं. बॉनेटवर, दारावर सांडलं तर पुसत बसू नका, लगेच पाणी ओता. डोळ्यात गेलं तर भरपूर पाण्यानं धुऊन डॉक्टरकडं जा. काढलेलं जुनं तेल गटारात, विहिरीजवळ किंवा बांधावर टाकू नका. डब्यात भरून जुनं ऑइल गोळा करणाऱ्याकडं द्या.

गाडी उभी करताना

जागा सपाट आणि टणक हवी. लाल मातीच्या अंगणात पावसाळ्यात जॅक रुततो, तिथं खाली जाड फळी टाका.

ह्या गाड्यांपैकी अनेकींचा हँडब्रेक चाकांवर नसतो. तो ट्रान्स्फर केसच्या मागं, प्रोपेलर शाफ्टवर असतो. मागचं एक चाक जॅकनं उचललं की डिफरन्शियलमुळं उचललेलं चाक उलटं फिरतं, जमिनीवरचं चाक सुलटं, आणि हँडब्रेक ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून घसरते. गिअरमध्ये ठेवली तरी तेच. म्हणून जे चाक उचलायचं नाही त्या प्रत्येकाला पुढून आणि मागून दगड लावा. विटा नकोत, त्या फुटतात. उचललेल्या बाजूला अ‍ॅक्सलखाली लाकडाचे पक्के ठोकळे द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणीही शिरायचं नाही.

चाक काढायचं असेल तर नट ओळखा. काही लष्करी गाड्यांच्या चाकाची डिस्क, म्हणजे टायर बसतो ती रिम, दोन तुकड्यांची, बोल्टनं जोडलेली असते. आतल्या वर्तुळातले नट चाक हबला धरतात, बाहेरच्या वर्तुळातले डिस्कचे दोन तुकडे एकमेकांना धरतात. टायरमध्ये हवा असताना बाहेरचे नट सैल केले तर डिस्क फुटून माणूस जागीच जातो. शंका असेल तर आधी व्हॉल्व्हची सुई काढून टायर पूर्ण रिकामा करा, मगच पाना लावा.

ड्रम उघडल्यावर आत जी काळी धूळ असते ती कॉम्प्रेसरनं उडवू नका. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असतो, आणि ती धूळ फुप्फुसात गेली की राहते. साबणाच्या पाण्यानं भिजवून फडक्यानं पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. पोरांना त्या वेळी जवळ थांबू देऊ नका.

हवा कुठून शिरली

प्रत्येक चाकाच्या मागच्या प्लेटवर हात फिरवा. टायरच्या आतल्या बाजूला तेलाचे ओघळ आहेत का बघा. मग ड्रम उघडून व्हील सिलिंडरच्या रबरी बुटाची कड नखानं थोडी उचला. आत कोरडं असेल तर ठीक. थेंब पडला तर तो कप गेलाय. बाहेरून कोरडं दिसणाऱ्या कितीतरी सिलिंडरच्या बुटाच्या आत तेल साचलेलं असतं. हे नवशिक्या हमखास चुकवतो, म्हणून चारही चाकं उघडून बघायचा आळस करू नका.

सिलिंडरच्या बोरमध्ये, म्हणजे आतल्या पोकळीत, बोट फिरवा. गंजाचे खड्डे लागले तर नवा कप टाकून उपयोग नाही, खड्ड्यावर घासून तो महिन्याभरात फाटेल. बारीक गंज होनिंगनं, म्हणजे बोर आतून घासून, जातो. खोल खड्डे असतील तर सिलिंडर बोर करून पितळेची किंवा स्टेनलेसची स्लीव्ह बसवून घ्यावी लागते. शक्तिमान १९९६ मध्ये बंद झाली, जोंगा १९९९ मध्ये. त्यामुळं नवीन सिलिंडर दुकानात सहज मिळेल ही आशा धरू नका, आणि मिळालाच तर तोही वीस-पंचवीस वर्षं खोक्यात पडलेला असू शकतो. आपल्या बाजूचं भाग्य असं की बेळगावात उद्यमबाग आहे. फाउंड्री आणि लेथच्या कामात मुरलेली माणसं तिथं आहेत, सिलिंडर हातात दिला की बोर मोजून स्लीव्ह बसवून देणारा सापडतो. मापाचा आकडा सिलिंडरवर ओतलेला असतो. कप घ्यायला जाताना जुना कप बरोबर न्या.

कप आणि बोर धुवायला पेट्रोल, डिझेल, रॉकेल काही वापरू नका. स्पिरिट किंवा ताजं ब्रेक ऑइल. बसवताना बोटाला ब्रेक ऑइल लावूनच बसवा, ग्रीस नको.

पाइप बघताना चेसीसला जिथं क्लिप आहे तिथली क्लिप काढून बघा, गंज तिच्या खालीच असतो. पाइप बदलावा लागला तर ब्रेकचाच स्टीलचा पाइप वापरा, टोक दुहेरी फ्लेअर करून घ्या. साधा तांब्याचा पाइप वाकवायला सोपा म्हणून लोक टाकतात. थरथरीनं तो कडक होत जातो आणि युनियनपाशी, म्हणजे जोडाच्या नटापाशी, तडकतो.

आता ती गोष्ट सांगतो, जिनं मला हे काम शिकवलं. पहिल्या निसानचे पुढचे दोन्ही व्हील सिलिंडर मी माझ्या हातानं खोलले, नवे कप टाकले, बसवले, एअर काढला. बाटलीत एक बुडबुडा येईना, तरी पेडल मऊ. पुन्हा काढला. तिसऱ्यांदा काढला. शेवटी थोडं मऊ असू दे म्हणून गाडी जांबोटीकडं नेली. एका वळणाच्या उतारावर भिजलेल्या रस्त्यावर पाय दिला आणि पेडल फळीला टेकलं. दुसऱ्या गिअरमध्ये होतो म्हणून वेग कमी होता. दोनदा पेडल मारलं, थोडा ब्रेक लागला, आणि डाव्या हाताच्या मातीच्या बांधात गाडी घुसवून थांबवली. शेजारी माझा पुतण्या बसला होता.

घरी आणून चाक काढलं तेव्हा दिसलं. डावा सिलिंडर उजवीकडं आणि उजवा डावीकडं बसवला होता. बोल्टची भोकं सारखीच, म्हणून बसला. पण त्यामुळं ब्लीडिंग निपल, म्हणजे जे सैल करून हवा बाहेर काढतात ते तोंड, खाली आलं होतं आणि तेलाचा पाइप वर. हवा वर चढते. निपल खाली असेल तर तेल खालून निघून जातं आणि बुडबुडा वरच्या कोपऱ्यात बसून राहतो. बाटलीत तो येणारच नव्हता. म्हणून सांगतो, एअर काढायला बसण्याआधी प्रत्येक चाकामागं बॅटरी मारून बघा: निपल सिलिंडरच्या सगळ्यात वरच्या जागी आहे ना?

शू आणि मास्टर

चाक उचललेलं असतानाच शू अ‍ॅडजस्ट करा. ड्रम धरेपर्यंत अ‍ॅडजस्टर फिरवा, पेडल एकदा जोरात दाबून सोडा म्हणजे शू मध्यावर बसतात, मग चाक हातानं मोकळं फिरेल इतकाच मागं घ्या. किंचित घासल्याचा आवाज चालतो.

पेडलला थोडा मोकळा खेळ हवाच. हातानं दाबल्यावर साधारण सेंटीमीटरभर पेडल सैल जावं, मग पुशरॉड पिस्टनला टेकावा. खेळ नसेल तर मास्टरमधलं परतीचं बारीक छिद्र कपाखाली झाकलेलं राहतं, तेल मागं येत नाही, आणि चालता चालता ब्रेक आपोआप धरत जातो. एअर काढताना त्याच छिद्रातून भांड्यातलं तेल खाली उतरतं. ते झाकलेलं असेल तर एअर नीट निघणारच नाही.

मास्टरचं झाकण उघडण्याआधी आजूबाजूची माती ब्रशनं झाडा, ओल्या फडक्यानं पुसा. काही गाड्यांत मास्टर पायाखालच्या पत्र्याखाली असतो. तिथं वर्षानुवर्षांचा चिखल साचलेला असतो आणि झाकण फिरवलं की सरळ तेलात पडतो. वाळूचा एक कण कप चिरायला पुरतो.

मास्टर खोलला असेल तर आधी त्यातली हवा काढा. खाली फडकं धरा, बाहेर जाणाऱ्या पाइपची युनियन अर्धा आटा सैल करा, पेडल सावकाश दाबायला सांगा, तेल आलं की युनियन घट्ट करा, मग पेडल सोडा. बुडबुडे थांबेपर्यंत हे करायचं. हे टाळलंत तर मास्टरमधली हवा सगळ्या पाइपातून ढकलत चाकापर्यंत न्यावी लागते.

आणखी एक, मास्टर जुनाच ठेवला असेल तर. रोजच्या वापरात पिस्टन अर्ध्याच बोरमध्ये फिरतो. उरलेल्या अर्ध्यात गंज धरलेला असतो. एअर काढताना पेडल तळापर्यंत गेलं की कप त्या गंजावर घासतो आणि जो मास्टर चांगला होता तोच गळायला लागतो. पेडलखाली दोनेक इंच जाडीचा लाकडी ठोकळा ठेवा, पेडल त्याच्यावर थांबू दे. एवढ्या एका ठोकळ्यानं माझे दोन मास्टर वाचलेत.

चाकामागून चाक

लागणारं सामान: निपलच्या मापाचा रिंग पाना, माशांच्या टाकीला लावतात तसली पारदर्शक नळी हातभर, काचेची बाटली, फडकी, पाण्याची बादली. आणि पेडलवर बसायला एक शांत माणूस.

निपल गंजलेलं असेल तर आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल लावून ठेवा. सकाळी ब्रशनं घासा, हलक्या हातोडीनं ठोका. आधी किंचित घट्ट करायचा प्रयत्न करा, करकरलं की मग सैल करा. फिक्स पाना लावू नका, कोपरे गोल होतात. हट्टानं ओढून निपल तुटलं तर सिलिंडर काढून लेथवाल्याकडं न्यावा लागेल. सिलिंडर जागेवर असताना गॅसची ज्योत लावू नका, आतले कप जळतात. निपल निघालं की त्याचं भोक बारीक तारेनं मोकळं करून घ्या, चिखलानं ते हमखास बुजलेलं असतं.

एअर काढण्यापुरतं चाक उचलायची गरज नाही. गाडी उंच आहे, खाली सरपटत जाता येतं. दगड जागेवर असू देत, इंजिन बंद, किल्ली तुमच्या खिशात.

सुरुवात मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत बहुधा मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. पण पाइपावर बोट ठेवून एकदा माग काढा, लांबी पाइपाची मोजायची. चेसीसवर पायाचा जोर वाढवणारा वेगळा बूस्टर असेल आणि त्याला निपल असेल तर ते सगळ्यांच्या आधी. इंजिन बंद असतानाच पेडल पाच-सहा वेळा मारून बूस्टरमधला व्हॅक्यूम संपवून घ्या. पुढच्या चाकात दोन सिलिंडर असतील तर दोन्हींकडं बघा. निपल एकालाच असेल तर ते वरच्याला असतं, दोन्हींना असेल तर आधी खालचं काढा.

मास्टर काठोकाठ भरा. निपलवर रिंग पाना चढवा, मग नळी. नळीला निपलपासून वर एक वेढा द्या आणि टोक बाटलीतल्या ताज्या तेलात बुडवा. वेढ्यामुळं बुडबुडा वर चढून डोळ्यांसमोर येतो आणि परत आत जात नाही.

बोलायचे शब्द आधी ठरवून घ्या, हे मी फार महत्त्वाचं मानतो. "सोड" म्हटलं की वरच्याला कळत नाही, पाय सोडायचा की अजून दाबायचं. आमच्याकडं वर बसलेला पोरगा कधी मराठी असतो कधी कन्नड, म्हणून तीनच शब्द: दाब, धर, सोड. नाहीतर ओत्तु, हिडी, बिडू. प्रत्येकाला उत्तर द्यायचं, उत्तर आल्याशिवाय हात हलवायचा नाही.

"दाब." वरून: "दाबलोय." पेडलवर पाय जोर धरून आहे. आता निपल पाव ते अर्धा आटा उघडा. तेल फसकन येतं, पेडल खाली ठोकळ्यावर जातं. "धर." "धरलोय." निपल बंद करा. बंद झालं, मगच "सोड." पाय सावकाश वर. दोन सेकंद थांबा, मास्टरला तेल ओढू दे, मग पुन्हा "दाब." निपल उघडं असताना पाय वर आला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि केलेलं काम गेलं. पेडल भराभर मारू नका, तेलाला फेस येतो आणि फेसातला बारीक बुडबुडा तासभर निघत नाही.

नळीकडं बघत राहा. सुरुवातीला चहाच्या चोथ्यासारखं काळपट तेल येतं, त्यात हरभऱ्याएवढे बुडबुडे. मग मोहरीएवढे. मग सोड्याच्या बाटलीत असतात तसे अगदी बारीक. इथं लोक थांबतात, तुम्ही थांबू नका. नळीत डब्यातल्या रंगाचं स्वच्छ तेल भरून आलं आणि ओळीनं तीन-चार वेळा एकही बुडबुडा दिसला नाही की ते चाक झालं.

दर पाच-सहा दाबांनंतर मास्टर भरा. भांडं रिकामं होऊन एकदा हवा ओढली गेली की पुन्हा मागच्या डाव्या चाकापासून सुरुवात. बाटलीतलं तेल स्वच्छ दिसलं तरी ते परत मास्टरमध्ये ओतायचं नाही.

एकटे असाल तर निपल उघडून तेल आपोआप गळू द्यायची पद्धत सांगितली जाते. ड्रम ब्रेकच्या मास्टरमध्ये पाइपात थोडा दाब राखून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यामुळं ती इथं नीट चालेलच असं नाही. कॉम्प्रेसरची हवा मास्टरवर सोडणारेही आहेत. त्या हवेत पाणी असतं, पावसाळ्यात तर फारच. मी ते करत नाही, तुम्हीही करू नका. दुसरा माणूस मिळेपर्यंत थांबा.

सगळं करूनही पेडल मऊच असेल तर पुढचा डबा फोडू नका. निपल वर आहे का, होज फुगतोय का, शू ढिले आहेत का, हे पुन्हा बघा. गाडी रात्रभर उभी राहिल्यावरच पेडल मऊ होत असेल तर मास्टरमधला तो दाब राखणारा व्हॉल्व्ह गेलेला असतो. दाब सुटला की व्हील सिलिंडरच्या कपांची कड सैल पडते आणि तिथून हवा आत ओढली जाते.

रस्त्यावर नेण्याआधी

पेडलखालचा ठोकळा काढा. हे विसरून गाडी चालू केलेली माणसं आहेत. निपलना घट्टपणा तपासून टोप्या घाला, टोप्या नसतील तर सायकलच्या व्हॉल्व्हची नळी कापून चढवा, चिखल आत जात नाही.

आता पूर्ण ताकदीनं पेडल दाबून घड्याळात एक मिनिट धरा. सोबतचा माणूस बॅटरी घेऊन चारही चाकं, सगळ्या युनियन, मास्टर बघेल. पेडल केसभरही सरकता कामा नये. बूस्टर असेल तर पाय दाबलेलाच ठेवून इंजिन चालू करा, पेडल थोडं खाली उतरावं. उतरलं तर बूस्टर काम करतोय.

मग मोकळं मैदान. रिकामी गाडी, पहिला गिअर, चालण्याच्या वेगानं ब्रेक. मग दुसरा. सरळ थांबते का, एका बाजूला ओढते का, ते बघा. पाच-सहा किलोमीटर हळू फिरवून आणा आणि थांबल्यावर चारही ड्रमजवळ तळहात न्या, लावू नका, भाजेल. चारही साधारण सारखे कोमट हवेत. एक गार असेल तर तिथं ब्रेक लागत नाही, एक फार तापलेला असेल तर ते चाक धरतंय. ओढणाऱ्या गाडीचा शू पुन्हा अ‍ॅडजस्ट करा, तरी ओढली तर लायनरला तेल लागलंय. तेल प्यालेला लायनर धुऊन वापरू नका, बदला.

घाटात त्याच दिवशी नेऊ नका. आठवडाभर गावातल्या गावात चालवा, रोज मास्टरचं झाकण उघडून पातळी बघा. आमचा मामा फौजेत ड्रायव्हर होता. तिकडं रोज सकाळी गाडी हलवण्याआधी फर्स्ट परेड असते, तेल, पाणी, टायर, ब्रेक सगळं बघितल्याशिवाय गाडी गेटबाहेर जात नाही. निवृत्त होऊन गावी आल्यावर शेतावरची गाडी काढतानाही तो आधी खाली वाकून चारही चाकांच्या आतल्या बाजूला ओल बघायचा, मग सीटवर बसून पेडल दाबायचा, मग किल्ली. आठवड्यात पातळी हलली नाही तर तवंदी घाट रिकाम्या गाडीनं उतरून बघा. ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरा, ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका, दाबा आणि सोडा. खाली पोचल्यावर पेडल वरच्या इतकंच कडक लागलं, तर भरलेली गाडी चोर्ल्याला न्यायला हरकत नाही.

तेल भरल्याची तारीख दाराच्या आतल्या पत्र्यावर रंगानं लिहून ठेवा. आपल्याकडच्या ओल्या हवेत वर्षानं ते पूर्ण बदलायचं. पावसाळा संपल्यावर, कारखान्यांची ऊसतोड सुरू व्हायच्या आधी केलेलं बरं, कारण नंतर लेथवाला आणि मिस्त्री दोघंही ट्रॅक्टरच्या कामात अडकतात.